रिकामी किल्ली

सुज्ञ वाचकहो! पुढील प्रकरणांत मी आपणांसमोर एका मोटारीच्या रिमोट किल्लीच्या पोटात दडून बसलेले रहस्य यथामती उलगडून दाखविणार आहे. या कथेत कोणाचा खून होत नाही. तथापि एका गरीब कारागिराच्या नावाचा खून होता होता थोडक्यात वाचला, आणि नाव गेलेल्या माणसाचे जिणे कसे असते हे ज्याचे गेले त्यालाच ठाऊक. तपासास लागणारी एकही खूण मी आपणांपासून लपविलेली नाही. प्रत्येक खूण जागच्या जागी मांडली आहे. आपण केवळ डोळे उघडे ठेवावेत, ही विनंती.

१

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. जिन्याखालच्या त्या दुकानात दोन माणसे उभी राहिली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबावे, इतकीच जागा होती. टेबलावर भिंग लावलेला दिवा, डाग देण्याची कांडी, चिमटे आणि बाटल्यांची झाकणे ओळीने मांडलेली होती. दुकानाचा मालक रिमोटच्या किल्ल्या दुरुस्त करी, म्हणून सारा रस्ता त्यास किल्लीकर म्हणे. त्याचे खरे आडनाव विचारण्याची गरज कोणास कधी पडली नव्हती.

एक गिऱ्हाईक आपली किल्ली टेबलावर ठेवून बटण कसे अडकते ते सांगत होते. इतक्यात डॉक्टरीणबाई आत शिरल्या. पाठोपाठ त्यांचा कंपाउंडर घाम पुसत दारात उभा राहिला.

"माझी गाडी कुठे आहे?" बाईंनी विचारले.

"गाडी? मॅडम, माझ्याकडे तर काल नुसती किल्ली आली होती."

"तेच म्हणतेय मी. काल दुपारी किल्ली तुमच्याकडे आली, संध्याकाळी दुरुस्त होऊन घरी गेली. रात्रभर माझ्या गळ्यात होती. ही बघा, अजून आहे." बाईंनी दोरीस बांधलेली किल्ली पदराखालून काढून दाखविली. "सकाळी सात वाजता उठून बघते तर शेडमध्ये गाडी नाही! काच फुटलेली नाही, फाटक मोडलेलं नाही. या गाडीला दुसरी रिमोट किल्ली जगात नाही. मग ती सुरू कशी झाली? कुणीतरी नक्कल काढल्याशिवाय?"

किल्लीकराच्या तोंडचे पाणी पळाले. "मॅडम, सोळा वर्षं झाली मला या टेबलाशी. मी असं..."

"सोळा वर्षांचं मला सांगू नका. माझ्याकडे पंधरा पेशंट बसलेत. दवाखाना बाराला सुटतो. बारापर्यंत गाडीचा पत्ता लागला नाही तर मी ठाण्यात जाणार आणि तुमचं नाव देणार."

बाई आल्या तशा निघून गेल्या. किल्लीकराने मान वर करून गिऱ्हाइकाकडे पाहिले. त्या गृहस्थाने टेबलावरची आपली किल्ली उचलली, खिशात घातली, आणि "राहू द्या, सवडीनं बघू," असे पुटपुटत तो काढता पाय घेता झाला.

सख्ख्या भावाच्या हाती जी किल्ली द्यावयास माणसे दहादा विचार करतात, ती किल्लीकराच्या टेबलावर ठेवून निर्धास्त घरी जात. एवढेच त्याचे भांडवल होते, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत दुकानाबाहेर चालत गेले असे त्यास वाटले.

२

दुकानाच्या वरच्या खोलीत किल्लीकराची आत्या राहत असे. एका बँकेच्या लॉकरच्या तळघरात एकतीस वर्षे नोकरी करून ती निवृत्त झाली होती. दोन किल्ल्या लागल्याशिवाय एकही कप्पा उघडावयाचा नाही, या शिस्तीत तिचे आयुष्य गेले होते. तिला सर्वजण लॉकरआत्या म्हणत.

सारी हकिकत ऐकून घेतल्यावर आत्याने चष्मा पुसला आणि विचारले, "काढलीस का रे नक्कल?"

"आत्या! तू पण?"

"विचारायला नको? तळघरात मॅनेजर आला तरी मी त्याची सही ताडून बघायची. नाही म्हणालास, झालं. आता सांग, काल काय काय केलंस? एक गोष्ट गाळू नकोस."

किल्लीकर स्टुलावर बसला.

"कंपाउंडर दुपारी किल्ली घेऊन आला. कव्हरला तडा गेला होता, बटणाचं रबर फाटलं होतं, सेलची पट्टी सुटली होती. मी कव्हर उघडलं. पट्टीला डाग दिला. नवा सेल, नवं रबर. मग सर्किट नव्या कव्हरात बसवलं. जुन्याचं पातं काढून नव्यात घातलं. मग चिप..."

तो मध्येच थांबला.

"मग चिप काय?"

किल्लीकर बोटे मोजून कालच्या कामाची उजळणी करू लागला. येथे वाचकांस सांगणे अवश्य आहे की, रिमोटची बटणे केवळ दारे उघडतात. इंजिन सुरू होण्यास डाळीच्या दाण्याएवढी एक काळी चिप लागते. ती जवळ असल्याखेरीज पाते कितीही फिरविले तरी गाडी हूं की चूं करीत नाही.

"आत्या," तो खोल आवाजात म्हणाला, "नव्या गाड्यांची चिप सर्किटवरच असते. सर्किट हललं की चिप हलली. काल सकाळपासून मी तसल्याच तीन केल्या. पण डॉक्टरबाईंची गाडी जुनी. तिची चिप कव्हरच्या खाचेत चिकटवलेली असते, वेगळी काढावी लागते. मी ती काढून झाकणात ठेवल्याचं मला आठवतच नाही. हाताला सवय लागली, आणि..."

"अरे बंड्या, पण गाडी सुरू करून बघितल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, हा तुझाच ना नियम?"

"ड्रायव्हर रजेवर होता. बाई स्वतः चालवत नाहीत. गाडी घरी उभी. मी म्हटलं, बटणं लागतायत, दिवा पेटतोय, झालं!" त्याने कपाळावर हात मारून घेतला.

आत्याने त्याचा हात कपाळावरून खाली घेतला. नंतर तिने हळूच विचारले, "बाईंच्या गळ्यातल्या किल्लीत चिप असली तर?"

"तर गाडी दुसऱ्या चिपनं सुरू झाली. म्हणजे कुणीतरी नक्कल काढली. आणि किल्ली तर फक्त माझ्याच हातात आली होती."

"आणि नसली तर?"

"तर मी चोर नाही. नुसता बेफिकीर कारागीर."

आयुष्यात प्रथमच त्या मनुष्याने, आपल्या हातून चूक झालेली असावी, अशी मनोमन प्रार्थना केली.

३

"चल, आत्ताच उघडून बघू," म्हणून किल्लीकर उठला. परंतु आत्याने त्याच्या सदऱ्याचे टोक धरले.

"खाली बस. किल्ली तू उघडलीस आणि खाच रिकामी निघाली, तर बाई म्हणतील, चिप तुझ्याकडेच राहिली. आधी सांग, जुनं कव्हर कुठं गेलं?"

"पुडीत. तूच लावलेली सवय ना! जुन्या वस्तू गिऱ्हाइकासमोर पुडीत घालायच्या, वर यादी लिहायची, चिकटपट्टी लावायची आणि पट्टीवर त्याची आडवी सही घ्यायची."

आत्याच्या डोळ्यांत किंचित चमक आली. "मग ती पुडी कुठं आहे ते शोधू. साडेनऊ झालेत."

दवाखाना आणि डॉक्टरीणबाईंचे घर एकाच आवारात होते. कंपाउंडर औषधांच्या खिडकीत बसला होता. आत्याला पाहताच तो गडबडीने म्हणाला, "आजी, माझा यात काही संबंध नाही हं. मी पुडी उघडली नाही. माझी सहीच होती तिच्यावर, मी कशाला उघडू?"

"पुडी उघडलीस असं मी कुठं म्हटलं?"

"नाही, म्हणजे... सकाळपासून सगळे माझ्याकडेच बघतायत हो! त्या बाकावरची आजारी माणसंसुद्धा." त्याचा चेहरा रडवेला झाला. "मी किल्ली आणि पुडी दोन्ही बाईंच्या हातात दिली. पट्टी शाबूत होती. बाईंनी खिडकीतून बटण दाबलं, शेडमध्ये गाडीचे दिवे लागले. बाई म्हणाल्या, छान झालं. मग मी घरी गेलो. आमच्या घरी पाहुणे होते, अकरा माणसं. हवं तर विचारा."

शेडमध्ये ड्रायव्हर उलट्या बादलीवर बसून रिकाम्या जागेकडे पाहत होता. भिंतीवरच्या खिळ्यास कातडी बिल्ला लावलेली एक साधी किल्ली लोंबकळत होती.

"ही कसली रे?" आत्याने विचारले.

"ही नुसती दाराची. रिमोट सहा महिने आजारीच होता ना, म्हणून कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून कापून आणली. मी हिच्यानं दार उघडून गाडी आतून पुसतो. स्टार्टरमध्येही फिरते, पण गाडी सुरू होत नाही. चिप नाही ना तिच्यात."

"बिल्ला नेहमी असाच भिंतीकडे तोंड करून असतो?"

ड्रायव्हर उठून जवळ आला. "नाही हो. मी चित्र बाहेर करून लावतो. परवा तसंच लावून गेलो होतो."

किल्लीकराने एकदम विचारले, "तू मागं माझ्याकडे येऊन विचारलं होतंस, दुसरी रिमोट किल्ली किती दिवसांत होते म्हणून. कशाला?"

"कशाला म्हणजे? कंटाळलो म्हणून!" ड्रायव्हरचा आवाज चढला. "रोज आठ वाजता बाईंच्या दाराशी उभं राहायचं. बाई गळ्यातून किल्ली काढून देणार, संध्याकाळी मोजून परत घेणार. रात्री झोपतातसुद्धा गळ्यात घालून. सोन्याची साखळी काढून ठेवतात, किल्ली नाही काढत! मी काय चोर आहे?"

"तुझ्यामुळे नाही ती गळ्यात," आत्या म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

किल्लीकर जागीच थबकला. मग कोणामुळे?

४

घराच्या पुढल्या खोलीत डॉक्टरीणबाईंचे यजमान आरामखुर्चीत बसले होते. एका तंत्रशाळेत यंत्रकाम शिकवून ते निवृत्त झाले होते, म्हणून त्यांस सर्वजण मास्तर म्हणत. उकाडा असूनही त्यांनी लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढली होती. त्यांनी चहाचा कप डाव्या हाताने उचलला, बशीवर परत ठेवताना तो डुगडुगला.

"या, किल्लीकर," ते प्रेमाने म्हणाले. "किल्लीचं काम फार सुबक केलंत. काल ही दाखवत होती, तेव्हा बघितलं."

"धन्यवाद, मास्तर. पण आज त्याच कामानं मला डाग लागायची वेळ आलीय."

मास्तरांनी नजर खाली वळविली. "छे छे. सगळं ठीक होईल. चोर सभ्य दिसतो. जाताना फाटकाला आतून कडी लावून गेला."

"फाटकाची कडी तुम्ही बघितलीत?" आत्याने साधेपणाने विचारले.

"हो, म्हणजे... हीच म्हणाली सकाळी."

भिंतीवरील घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. इतक्यात डॉक्टरीणबाई दवाखान्यातून आत आल्या. शेवटचा पेशंट गेला होता. त्यांच्या एका हातात फोन होता.

"काय ठरलं? कबूल करताय का?"

"बाई, कालची पुडी कुठं आहे?" आत्या म्हणाली.

"कुठली पुडी? हां, ती! यांना दिली. यांच्या डब्यात असले स्क्रू न् तारा वर्षानुवर्षं साठवलेल्या असतात. पट्टीसकट तशीच दिली. का?"

"आणि गाडीची दुसरी रिमोट किल्ली? नवी घेताना दोन मिळतात."

बाईंचे ओठ घट्ट मिटले. "हरवली."

"कुठं?"

"हरवलेली वस्तू कुठं हरवली ते सांगता येत असतं, तर ती हरवली कशी म्हणता येईल?" त्यांनी फोन वर उचलला. "माझा वेळ घालवू नका. मी ठाण्याचा नंबर लावतेय."

किल्लीकर पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, फक्त दोन मिनिटं. गळ्यातली किल्ली मला उघडू द्या. इथंच, तुमच्यासमोर. मग खुशाल लावा नंबर."

५

किल्ली टेबलावर ठेवण्यात आली. कंपाउंडर आणि ड्रायव्हर दारात येऊन उभे राहिले. किल्लीकराने खिशातून बारीक पेचकस काढला. सोळा वर्षांत त्याने हजारो कव्हरे उघडली असतील. परंतु आज पेचकसाचे टोक फटीत शिरेना.

खाच भरलेली निघाली, तर तुरुंग. रिकामी निघाली, तर साऱ्या गावापुढे हसे. आणि त्याचा जीव त्या हशासाठी आसुसला होता!

टक्, असा आवाज होऊन कव्हर दुभंगले. त्याने वरचा अर्धा भाग उजेडाकडे धरला.

खाच रिकामी होती.

त्याने ती खाच बाईंपुढे धरली. "मॅडम, यात चिप नाही. ही किल्ली दारं उघडेल, दिवे लावेल, पण गाडी सुरू करणार नाही. जुन्या कव्हरातली चिप मी काढायला विसरलो. माझी चूक आहे. गाडी सुरू न करता किल्ली दिली, ही दुसरी चूक. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं."

"वा! म्हणजे चिप तुमच्याकडेच राहिली!"

"नाही, बाई," आत्या शांतपणे म्हणाली. "जुनं कव्हर कंपाउंडरच्या देखत पुडीत गेलं. का रे, यादी कुणी वाचली?"

"मीच वाचली," कंपाउंडर म्हणाला. "सेल एक, रबर एक, स्क्रू दोन, कव्हर एक. वस्तू बघितल्या, मगच सही केली."

"पुडी बंदच्या बंद तुमच्या हातात आली, आणि तुम्ही ती तशीच मास्तरांना दिलीत. मास्तर, डबा देता का?"

मास्तर हलले नाहीत. डॉक्टरीणबाईंनीच फडताळातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणून टेबलावर उपडा केला. तारा, चकत्या, जुनी बटणे यांच्या ढिगात ती पुडी होती. पट्टी मधोमध फाटलेली, कंपाउंडरची सही दोन तुकड्यांत. आत्याने एकेक वस्तू यादीशी ताडून बाजूस ठेवली.

सेल होता, रबर होते, दोन्ही स्क्रू होते. कव्हर तेवढे नव्हते.

६

"आता माझी मोजदाद ऐका," आत्या म्हणाली. "साधी किल्ली फिरते, पण तिच्यात चिप नाही. जुन्या कव्हरात चिप आहे, पण पातं नाही. लॉकरसारखंच झालं, दोन्ही एकत्र आल्याशिवाय कप्पा उघडत नाही. साधी किल्ली कुणीतरी खिळ्यावरून काढली आणि उलटी परत लावली. ड्रायव्हरला ती मिळाली असती, पण पुडी त्यानं बघितलीच नाही. कंपाउंडरनं पुडी आणली, पण ती इथं पोचली तेव्हा पट्टी शाबूत होती. फाटली ती या खोलीत. आणि फाटकाला आतून कडी लावणारा माणूस बाहेरचा कसा असेल? तो गाडी घेऊन गेला आणि पायी घरी परत आला. बाई, तुम्ही किल्ली गळ्यात घालून झोपता. बाहेरच्या चोराला भिणारा माणूस किल्ली कपाटात ठेवतो. गळ्यात ती घरातल्या माणसासाठी असते."

डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या. त्यांचा आवाज एकाएकी बारीक झाला. "दोन वर्षांपूर्वी हे गाडी चालवता चालवता बेशुद्ध झाले होते. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर गाडीला लागलं का? दुसरी किल्ली मी त्याच संध्याकाळी तलावात टाकली. हरवली म्हणून सांगितलं." त्या यजमानांकडे वळल्या. "अहो. टोपी काढा."

मास्तरांनी टोपी काढली. कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ होते. नंतर त्यांनी उजव्या हाताने कण्हत खिशातून तडा गेलेले जुने कव्हर काढले आणि टेबलावर ठेवले.

"पुडी सहज उघडली," ते म्हणाले. "खाचेत चिप दिसली. म्हटलं, एकदाच. पहाटे, रस्ता मोकळा असताना, शाळेपर्यंत जाऊन यायचं. तू मागच्या खोलीत झोपलेली. गेलो छान. येताना वळणावर डोळ्यांपुढं अंधार आला. गाडी खडीच्या खाणीशी चरात उतरलीय. कुणाला लागलं नाही, खरंच. चालत आलो."

"आणि हा माणूस सकाळपासून चोर ठरतोय, तेव्हा तोंड शिवलं होतं का?" बाई कडाडल्या.

"बाराच्या आत सांगणार होतो. धीर गोळा करत होतो." ते किल्लीकराकडे पाहू शकत नव्हते. "गाडी गेली, आता ही मला फाटकाबाहेरही पाठवणार नाही असं वाटलं. तेवढ्यासाठी मी तुमचं नाव पणाला लावलं. माझं चुकलं, किल्लीकर."

जुने कव्हर हातात घेऊन किल्लीकराने दोन अंगठ्यांनी ते फोडले. खाचेत चिप होती, जशीच्या तशी. ती तळहातावर घेऊन त्याने खिडकीशी धरली.

घड्याळात बाराचे ठोके पडले. डॉक्टरीणबाई यजमानांच्या कपाळावरचे टेंगूळ दाबून पाहत होत्या. त्यांचे डोळे भरले होते, बोटे मात्र सफाईने काम करीत होती. "मळमळतंय का? बोटं किती दिसतात?" मग मान न वळविता त्या म्हणाल्या, "किल्लीकर, मी तुमच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर बोलले. संध्याकाळी तिथंच येऊन, चारचौघांत शब्द परत घेईन. आता ती चिप बसवून किल्ली द्या."

"नाही, मॅडम."

सारेजण त्याच्याकडे पाहू लागले.

"चिप बसवतो. पण किल्ली आत्ता देत नाही. ड्रायव्हरला घेऊन गाडी चरातून काढू, ती माझ्यासमोर सुरू होऊ दे, मग किल्ली हातात घ्या."

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी दिला शब्द पाळला. त्या वेळी दुकानापुढे सहा माणसे होती, आणि त्यांत सकाळचे ते गिऱ्हाईकही आपली अडकणाऱ्या बटणाची किल्ली मुठीत धरून उभे होते. त्यानंतर दर शनिवारी मास्तर फाटकातून बाहेर पडतात आणि चालत जिन्याखालच्या दुकानात येऊन बसतात. बाईंची परवानगी दोन तासांची आहे. किल्लीकर कव्हर उघडतो, आणि तो चिमट्यास हात घालण्यापूर्वीच समोरून प्रश्न येतो :

"खाच बघितली का?"

येणेप्रमाणे हे रहस्य येथे समाप्त होत आहे. माझे शिक्षण बेताचे असल्याने भाषेत उणीव राहिली असल्यास वाचकांनी ती पोटात घालावी. आपण शेवटच्या ओळीपर्यंत सोबत केलीत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
निवृत्ती धों. खिरे